रेव्हरंड टिळक आणि परक्यांची दैवते

परक्याच्या दैवतास नावे ठेवल्यावाचून आपल्या दैवताचा महिमा वाढत नाही, असा समज सर्वच धर्मांच्या अभिमानी मंडळींत पूर्वापार चालत आला आहे. विंचूरच्या पेठेत बसून होणारे धर्मविषयक वादही पुष्कळदा याच वळणावर जातात. हा समज किती पोकळ आहे हे ज्यांच्या चरित्रावरून कळते, त्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे स्मरण आज आम्ही वाचकांस करून देतो. नाशिक जिल्ह्यास ते परके नव्हेत.

टिळकांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी चित्पावन ब्राह्मण कुळात झाला. मातेच्या निधनानंतर घर सोडून ते नाशकास आले व गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी संस्कृत शिकले. नाशिकजवळील जलालपूरच्या गोखल्यांची कन्या त्यांस दिली; ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई त्या याच. पुढे टिळक नोकऱ्या धरीत व सोडीत हिंडले. जातिभेदाने पोखरलेल्या देशास एकत्र बांधील असा धर्म ते शोधीत होते. आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थाने त्यांस बायबल दिले, त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन वेधले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्याची किंमत त्यांच्याइतकीच लक्ष्मीबाईंनीही मोजली. पती जिवंत असता त्यांस काही वर्षे वियोगात काढावी लागली. पुढे त्या अहमदनगरास पतीकडे गेल्या, स्वतः विचार केला व १९०० साली स्वेच्छेने ख्रिस्ती झाल्या.

आता टिळकांनी मागे टाकलेल्या धर्माकडे कोणत्या दृष्टीने पाहिले ते पाहू. ख्रिस्ती विचारवंतांत याविषयी आरंभापासून दोन मते आहेत. दुसऱ्या शतकातील जस्टिन याने ग्रीकांच्या देवांस भुते ठरविले. परंतु ईश्वरी ज्ञानाचे बीज सर्व मानवांत पेरलेले आहे असे सांगून सॉक्रेटिसास त्याने ख्रिस्ताच्या अनुयायांत गणले. अलेक्झांड्रियाच्या क्लेमंटाने तर तत्त्वज्ञान हे ग्रीकांस ख्रिस्ताकडे नेणारे गुरू मानले. म्हणजे देवतांचा अव्हेर व ज्ञानाचा आदर ही दोन्ही एकाच मनात नांदत होती.

आमच्या देशातही तेच घडले. फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त मराठी ओवी घेतली, देव मात्र घेतले नाहीत. काशीस वाढलेले नीलकंठशास्त्री गोऱ्हे यांनी ख्रिस्ती झाल्यावर षड्दर्शनांचे खंडन केले आणि बाबा पदमनजींनी मूर्तिपूजेवर कठोर टीका केली. तीत बालविधवांच्या दुःखाची खरी कळकळ होती, हे नाकारणे अन्यायाचे होईल.

टिळकांनी निराळी वाट धरली. मूर्तिपूजा त्यांनी सोडली ती कायमची आणि सर्व देव सारखेच असे त्यांनी कधीही मानले नाही. तथापि तुकोबांच्या अभंगांच्या सेतूवरूनच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशी त्यांची भावना होती. यहुद्यांस जसा जुना करार, तशी आम्हांस संतवाणी, असे ते समजत. म्हणून त्यांनी ख्रिस्ताची स्तुती अभंगांत गाइली व कीर्तनाचा उपयोग केला. आजही मराठी मंडळ्यांत त्यांची गीते म्हटली जातात. १९१३ साली फार्कर या मिशनऱ्याने हिंदुधर्माची परिपूर्ती ख्रिस्तात होते असे प्रतिपादणारा ग्रंथ लिहिला. पण टिळकांस हे पुस्तकातून शिकावे लागले नाही, ते त्यांनी अनुभविले होते.

१९१७ साली मिशनची नोकरी सोडून ते संन्यस्त झाले. साताऱ्यास त्यांनी काढलेल्या ‘देवाचा दरबार’ या मंडळात बाप्तिस्मा झालेले व न झालेले दोघांनाही स्थान होते. ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांचा अंत झाला.

संत ही केवळ ख्रिस्ताकडे जाणारी पायरी, हे मत वारकऱ्यास रुचणार नाही आणि रुचावे असा आग्रहही नाही. पण मतभेद असणे वेगळे व अपमान करणे वेगळे. आपल्या मालाची पारख गिऱ्हाइकास पटविण्यासाठी शेजाऱ्याच्या दुकानावर चिखल फेकावा लागत नाही, हे व्यापाऱ्यांस आम्ही काय सांगावे? धर्म सोडणाऱ्याने मागील घराचे ऋण विसरू नये आणि मागे राहिलेल्यांनी जाणाऱ्यास, विशेषतः त्याच्या बायकामुलांस, वाळीत टाकू नये. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्कार हा २०१६ च्या कायद्याने गुन्हा ठरला आहे. परंतु मनातील बहिष्कार कायद्याने उठत नाही. तो ज्याचा त्यानेच उठविला पाहिजे.