परिचारिकेच्या हातातील लेखणी

सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात पाळी बदलताना दोन सिस्टर खाटेखाटेपाशी थांबत पुढे जातात. एक सांगते, दुसरी ऐकते आणि वहीशी ताडून पाहते. कोणाला पहाटे ताप चढला, कोणाची लघवी कमी झाली, कोणाची कूस किती वाजता बदलली, कोण रात्रभर झोपला नाही. डॉक्टरांचा राऊंड प्रत्येक खाटेपाशी काही मिनिटांचा असतो. उरलेले तेवीस-साडेतेवीस तास रुग्णाचे कसे जातील, हे या नोंदींवर ठरते. शुश्रूषेचे नियोजन म्हणतात ते हेच. वॉर्डात त्याला ‘केअर प्लॅन’ म्हणतात.

हे नियोजन करायचे तर परिचारिकेला वाचता-लिहिता यायला हवे, घड्याळ आणि थर्मामीटर पाहता यायला हवे, आणि आपण पाहिलेले ठामपणे सांगण्याची सवय हवी. आज यात काही विशेष वाटत नाही. पण सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मराठी घरात बाईने हातात पाटी घेणे हाच वादाचा विषय होता. तिथपासून रुग्णालयाच्या तक्त्यापर्यंत मराठी बाईला आणण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे, त्या रमाबाई रानडे. न्यायमूर्तींच्या पत्नी आणि ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’च्या लेखिका म्हणून आपण त्यांना ओळखतो. त्यांचे परिचर्येच्या क्षेत्रातील काम मात्र फारसे बोलले जात नाही.

रमाबाईंचा जन्म १८६२ चा, आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावच्या कुर्लेकरांच्या घरातला. माहेरचे नाव यमुना. १८७३ मध्ये, अकराव्या वर्षी, त्यांचे लग्न महादेव गोविंद रानड्यांशी झाले. रानडे तेव्हा एकतीस वर्षांचे, बिजवर आणि विद्वान म्हणून नावाजलेले. नव्या सुनेला अक्षरओळख नव्हती. रानड्यांनी स्वतः शिकवायला सुरुवात केली. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ते मुळीच पसंत नव्हते. टोमणे, अबोला, कामाचा जाच हे सगळे सोसून रमाबाई आधी मराठी आणि मग इंग्रजी शिकल्या. उलट उत्तर न देता आपले काम सोडायचे नाही, ही त्यांची पद्धत तेव्हाच पक्की झाली असावी.

१८७८ मध्ये रानड्यांची बदली नाशिकला झाली. निफाड हे रानड्यांचे जन्मगाव, तेव्हा हा मुलूख त्यांना परका नव्हता. रमाबाईंसाठी मात्र नाशिक वेगळ्या अर्थाने महत्त्वाचे ठरले. इथल्या हायस्कुलातील समारंभात त्यांनी पहिले जाहीर भाषण केले. भाषण रानड्यांनी लिहून दिलेले होते, पण चारचौघांत उभे राहून बोलण्याचे धाडस त्यांचे स्वतःचे होते. पुढे पुण्यात पंडिता रमाबाईंच्या आर्य महिला समाजात त्या जाऊ लागल्या आणि मुलींच्या हायस्कुलासाठीच्या खटपटीत उतरल्या. १८९३ मध्ये रानडे उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाल्यावर मुंबईत त्यांनी स्त्रियांचे वर्ग चालवले. १६ जानेवारी १९०१ रोजी रानडे गेले. चाळिशीच्या आत रमाबाईंना वैधव्य आले.

त्यानंतर काही काळ त्या घराबाहेर पडल्या नाहीत. मग हळूहळू तुरुंगातल्या स्त्रियांना भेटणे, रुग्णालयात जाऊन आजाऱ्यांची विचारपूस करणे सुरू झाले. १९०८ मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांच्या पुढाकाराने मुंबईत सेवासदन निघाले. त्याच्या अध्यक्षा रमाबाई झाल्या. १९०९ मध्ये गोपाळ कृष्ण देवधरांच्या सहकार्याने पुण्यात सेवासदन उभे राहिले, आणि पुढची पंधरा वर्षे रमाबाईंनी त्याला वाहून घेतले.

सेवासदनात येणाऱ्यांत तरुण विधवा पुष्कळ होत्या. त्यांना पायावर उभे करायचे तर शिक्षिकेचे आणि परिचारिकेचे, असे दोन मार्ग समोर होते. शिक्षिका होणे लोकांनी कसेबसे मान्य केले. परिचारिका होणे मात्र पांढरपेशा घरांना सहन होईना. परक्याच्या, त्यातही पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, मलमूत्र काढायचे, जात न पाहता सगळ्यांचे करायचे आणि रात्रपाळीसाठी घराबाहेर राहायचे. घरच्या आजाऱ्याची सेवा करणारी बाई पुण्यवान, पण तेच काम शिकून आणि पगार घेऊन करणारी हलकी, असा तेव्हाचा न्याय होता.

रमाबाईंनी यावर व्याख्यानांपेक्षा व्यवस्थेने मात केली. सेवासदनात मुलींची आधी पुरेशा शिक्षणाची तयारी होई, आणि मग परिचर्येच्या प्रशिक्षणासाठी त्या पुण्याच्या ससून रुग्णालयात जात. या मुलींसाठी वेगळे वसतिगृह होते. वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्यांचे आणखी वेगळे. राहण्याची जागा रमाबाईंच्या देखरेखीखाली आहे म्हटल्यावर आईवडिलांच्या आणि सासरच्या हरकतीला फारसे बळ उरत नसे. आषाढी-कार्तिकीला त्या सेवासदनच्या स्वयंसेविका घेऊन आळंदीच्या यात्रेत जात आणि वारकरी बायकांची सेवा करत.

यातला क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आधी शिक्षण, मग परिचर्या. नुसती सेवाभावी बाई आजाऱ्याच्या उशाशी बसेल, पाय चेपेल, पाणी देईल. शिकलेली परिचारिका काल सकाळचा ताप आणि आज सकाळचा ताप शेजारी लिहून पाहील आणि फरक कळवील. लंडनमध्ये १८६० मध्ये परिचारिकांची शाळा काढणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचाही भर यावरच होता. आपण हजर असताना जे नीट होते ते आपण नसतानाही तसेच व्हावे, अशी तजवीज करणे हा चांगल्या शुश्रूषेचा कणा आहे, असे त्या मानत. तजवीज तोंडी राहिली तर पाळी बदलताच विसरली जाते. ती लिहावीच लागते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या तजविजीला शास्त्रीय रूप आले. आज परिचर्येच्या प्रत्येक विद्यार्थिनीला पाच पायऱ्या शिकवतात : पाहणी, परिचर्येचे निदान, नियोजन, कृती आणि मूल्यमापन. एक उदाहरण घेऊ. सत्तरीच्या आजींच्या खुब्याच्या हाडाचे ऑपरेशन झाले आहे. डॉक्टरांचे निदान हाड मोडल्याचे. परिचारिकेचे निदान वेगळे : आजींना स्वतः कूस बदलता येत नाही, म्हणून पाठीला जखम होण्याचा धोका आहे. मग उद्दिष्ट ठरते, की घरी जाईपर्यंत कातडी शाबूत राहिली पाहिजे. त्यासाठी साधारण दर दोन तासांनी कूस बदलणे, चादर कोरडी ठेवणे, टाचा गादीला टेकू नयेत म्हणून पोटऱ्यांखाली उशी देणे, जेवणात प्रथिने वाढवणे. प्रत्येक पाळीत कंबर, खुबे आणि टाचा पाहायच्या. लाल झालेल्या जागेवर बोट दाबल्यावर लाली क्षणभर जात नसेल, तर ती शय्याव्रणाची, म्हणजे बेडसोअरची पहिली पायरी समजायची आणि योजना लगेच बदलायची. ऑपरेशन उत्तम होऊनही रुग्ण अंथरुणातल्या जखमेने आणि तिच्यातल्या जंतुसंसर्गाने दगावू शकतो. ते टाळणे बहुतांशी या वहीच्या हातात असते.

वॉर्डातली ही वही घरी आल्यावर मात्र बंद होते. आमच्या इंदिरानगरसारख्या वसाहतींत कितीतरी घरी वयस्कर आईवडील एकटे आहेत आणि मुले पुण्या-मुंबईत किंवा परदेशात. डिस्चार्जनंतर ब्युरोतून बाई ठेवली जाते. ती दिवसाची वेगळी, रात्रीची वेगळी. दोघींची गाठ पडते दारात, चप्पल घालताना. औषध दोनदा दिले जाते किंवा राहून जाते, आणि लाल झालेली पाठ आठवडाभर कोणाच्या ध्यानात येत नाही.

यावर फार खर्चाचा उपाय लागत नाही. डिस्चार्ज घेताना डॉक्टरांबरोबर वॉर्डच्या सिस्टरलाही चार गोष्टी विचारून घ्या : धोका कशाचा आहे, रोज काय पाहायचे, कोणते काम किती तासांनी करायचे, आणि काय दिसले की वाट न पाहता रुग्णालयात यायचे. एक शंभरपानी वही आजाऱ्याच्या खोलीत ठेवा. तारीख, वेळ, काय केले, काय दिसले, एवढे चार रकाने पुरेत. औषध दिल्यावर तिथल्या तिथे लिहायचे, संध्याकाळी आठवून नव्हे. बाई बदलताना दोघींनी वही समोर ठेवून पाच मिनिटे बोलायचे. तपासणीला याल तेव्हा वही बरोबर आणा. बाईला लिहिता येत नसेल तर खुणांचा तक्ता करून द्या, आणि जमल्यास तिला अक्षरेही शिकवा.

रमाबाई १९२४ मध्ये गेल्या. शेवटच्या वर्षांत मुलींच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठी आणि स्त्रियांच्या मताधिकारासाठी त्या झटत होत्या. १९६२ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. पुण्याचे सेवासदन आजही सुरू आहे. ससूनच्या वाटेने गेलेल्या त्या पहिल्या मुलींची नावे मात्र आज फारशी कोणाला ठाऊक नाहीत. पुढच्या वेळी वॉर्डात एखादी सिस्टर तुमच्या नातेवाइकाच्या खाटेपाशी काही लिहीत असेल, तर तिला मध्येच हाक मारू नका. तिचे लिहून होऊ द्या, आणि मग काय लिहिले ते आवर्जून विचारा.