अंगणातली चित्रशाळा

ताराबाई मोडक म्हटलं की ‘अंगणवाडी’ आठवते आणि बहुतेकांची ओळख तिथेच संपते. मला त्यांचं मोठेपण दिसतं ते त्या अंगणात मुलांच्या हाती त्यांनी काय दिलं, यात.

१८९२ साली मुंबईत जन्मलेल्या ताराबाई राजकोटला स्त्री-अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्य झाल्या. ती मानाची नोकरी सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात गेल्या. दोघांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभारला. माँटेसरीबाईंची पद्धत त्यांना पटली होती. अडचण साधनांची होती. मापात कापलेले, रंगवलेले ते लाकडी ठोकळे खेड्याला कसे परवडणार?

१९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला आल्या आणि उत्तर त्यांना आसपासच मिळालं. शंखशिंपले, बिया, पानं, माती! मोजणी त्यांचीच, नक्षी त्यांचीच. गाणी नि नाच त्याच परिसरातले. (छापील चित्रात रंग भरायला लावणाऱ्या आपल्या शहरी बालवर्गांपेक्षा मला ही शाळा श्रीमंत वाटते.) गरीब वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली.

१९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली वारली मुलं लग्नघरी तांदळाच्या पिठानं भिंतीवर चौक लिहिणाऱ्या बायका पाहतच वाढलेली. त्यांना कला शिकवायची म्हणजे हात मोकळे सोडायचे, एवढंच!

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळालं, १९७३ मध्ये त्या गेल्या. कोसबाडचं काम पुढे अनुताई वाघांनी चालवलं.