सर टी. माधवराव

तंजावरच्या मराठी राज्यामुळे अनेक मराठी घराणी तमिळ मुलखात स्थायिक झाली. अशाच एका घराण्यात इ. स. १८२८ मध्ये कुंभकोणम येथे माधवरावांचा जन्म झाला. मद्रासच्या हायस्कुलात पॉवेल या गुरूंच्या हाताखाली ते शिकले. गणित हा त्यांचा विशेष आवडीचा विषय होता. मोजके आणि नेमके बोलण्याची सवय बहुधा त्यानेच लावली असावी. १८४९ मध्ये ते त्रावणकोरच्या राजकुमारांचे शिक्षक झाले. पुढे ते त्याच संस्थानाचे दिवाण झाले व नंतर इंदूरचाही कारभार त्यांनी सांभाळला.

शिक्षक म्हणून त्यांची खरी कसोटी बडोद्यास लागली. १८७५ मध्ये मल्हारराव गायकवाड पदच्युत झाले आणि माधवराव तेथे दिवाण म्हणून आले. त्याच वर्षी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा बारा वर्षांचा गोपाळराव दत्तक घेण्यात आला. तोच सयाजीराव. या मुलाला तोवर लिहिता-वाचता येत नव्हते! त्याचे रीतसर शिक्षण सुरू झाले. सहा वर्षांत मराठी, गुजराती, उर्दू व इंग्रजी या भाषांशी त्याचा परिचय झाला.

१८८१ च्या अखेरीस राज्याची सूत्रे या तरुणाच्या हाती जाणार होती. वेळ थोडा होता. एखादा मुद्दा त्याला चुकीचा समजला असता, तर त्याची झळ सबंध प्रजेला बसली असती. म्हणून माधवरावांनी आपल्या दीर्घ अनुभवाचा सारांश काढला आणि तो व्याख्यानांच्या रूपाने त्याच्यापुढे मांडला. राजवाड्याचा खर्च, न्याय, कायदे, पोलीस, आरोग्य असे त्यांचे विषय होते. व्याख्याने इंग्रजीत होती, पण भाषा सोपी होती.

अवघड विषय सोपा करण्याचे साधन वाक्यरचनेतच असते. ‘सयाजीराव बडोद्यास आले.’ यात एकच विधान आहे; हे केवल वाक्य होय. ‘सयाजीराव बडोद्यास आले आणि त्यांचे शिक्षण सुरू झाले.’ येथे दोन स्वतंत्र विधाने ‘आणि’ने जोडली आहेत, हे संयुक्त वाक्य होय. सारांश काढताना आधी मुख्य विधाने केवल वाक्यांत वेगळी करावीत, उदाहरणे व पुनरुक्ती गाळावी आणि मग संबंध पाहून ती जोडावीत. ‘आणि’ऐवजी ‘पण’ आले तरी अर्थ पालटतो. कारभाराच्या कागदात हा फरक लहान नसतो.

ती व्याख्याने पुस्तकरूपाने छापली गेली. गुरुशिष्यांचे मात्र सर्वच बाबतींत जुळले नाही. मतभेद झाले आणि १८८२ मध्ये माधवरावांनी दिवाणपद सोडले. त्यानंतर ते मद्रासच्या मैलापूर भागात राहू लागले. तेथेही त्यांची लेखणी थांबली नाही. मुलांच्या शिक्षणाविषयी त्यांनी एक पुस्तिका लिहिली. १८८७ मध्ये मद्रासला भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाच्या स्वागत समितीचे ते अध्यक्ष होते.

सयाजीरावांनी १९०६ मध्ये बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. ते पाहण्यास माधवराव हयात नव्हते. ४ एप्रिल १८९१ रोजी मैलापूर येथे त्यांचे निधन झाले होते.