भूगर्भाचा वेध घेणारा शिक्षक

पेडण्यातील वा डिचोलीतील एखाद्या टेकडीवरून निरभ्र दिवशी पूर्वेकडे पाहिले की सह्याद्रीची निळी रांग दृष्टीस पडते. पर्वतांची उंची आम्ही भूगोलात पाठ करतो. परंतु त्यांच्या तळाशी खोलवर काय आहे, हा प्रश्न आमच्या मनास क्वचितच शिवतो. त्या प्रश्नाची वाट उजळणारे शास्त्रज्ञ म्हणजे आंद्रिया मोहोरोविचिच.

क्रोएशियातील व्होलोस्को या समुद्रकाठच्या गावी, जहाजांचे नांगर घडविणाऱ्या एका लोहाराच्या घरी २३ जानेवारी १८५७ रोजी त्यांचा जन्म झाला. प्राग येथे गणित व पदार्थविज्ञान शिकून ते शिक्षक झाले. बाकार येथील नाविक शाळेत नऊ वर्षे शिकवीत असताना त्यांनी तेथे हवामान-निरीक्षणाचे केंद्र उभारले. १८९२ साली झाग्रेबच्या वेधशाळेची धुरा त्यांच्याकडे आली. पुढे त्यांनी खटपट करून तेथे भूकंपमापक यंत्रे आणविली.

८ ऑक्टोबर १९०९ रोजी झाग्रेबपासून सुमारे ४० किलोमीटरवर मोठा भूकंप झाला. मोहोरोविचिच यांनी दूरदूरच्या वेधशाळांतील नोंदी मागवून ताडून पाहिल्या. एकाच धक्क्याच्या एकाच जातीच्या लहरी काही ठिकाणी दोनदा आलेल्या दिसल्या! त्यांनी त्याचा उलगडा केला. हमरस्त्याने वळसा घेणारा स्वार जसा आडवाटेच्या पादचाऱ्याआधी पोहोचतो, तशी खालच्या घन थरातून धावलेली लहर दूरच्या ठिकाणी आधी पोहोचत होती. म्हणजेच भूकवचाला तळ होता! त्यांच्या गणिताने तो ५४ किलोमीटर खोल निघाला. त्या सीमेस आज जग ‘मोहो’ म्हणते. १८ डिसेंबर १९३६ रोजी ते निवर्तले.

आपल्या सह्याद्रीतही ही विद्या उपयोगी पडली. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाने अनेकांचे प्राण घेतले. त्यानंतरच्या दशकात हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने त्या प्रदेशात सुरुंगांचे स्फोट घडवून परतणाऱ्या लहरी टिपल्या. तेथे मोहोची खोली सुमारे ३६ ते ४० किलोमीटर आढळली. हिमालयाखाली मात्र भूकवच याहून पुष्कळ जाड आहे.

भूकंप टाळणे मोहोरोविचिच यांच्या हाती नव्हते. परंतु तो आला तेव्हा त्यांची यंत्रे सज्ज होती आणि बुद्धी जागी होती. म्हणूनच त्या विध्वंसातून ज्ञान निपजले. आम्हां विद्यार्थ्यांनी त्यांच्यापासून घ्यावयाचा धडा हाच होय.