एकांची ओळ आणि कापरेकर मास्तर

ज्यांच्या नावापुढे एम. एस्सी. नाही की पीएच. डी. नाही, अशा एका शाळामास्तरांचे नाव जगभरच्या गणिताच्या पुस्तकांत येते, याचे मला फार नवल वाटते. ते म्हणजे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणूचा. आठव्या वर्षी आई गेली. वडील कारकून, त्यांच्या ज्योतिषाच्या नादातून मुलाला आकडेमोडीची गोडी लागली. शाळा ठाण्याला, पुढे पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय. १९२७ साली रँग्लर परांजपे गणित पारितोषिक, १९२९ साली बी. एस्सी., आणि १९३० ते १९६२ देवळालीला शिक्षकी.

६१७४ हा त्यांचा स्थिरांक बहुतेकांना ठाऊक आहे. मला अधिक ओढ आहे ती त्यांच्या 'डेमलो' संख्यांची. हे नाव मुंबईजवळच्या एका रेल्वे स्थानकावरून आले. त्यांतील सर्वांत देखणा प्रकार एकांच्या ओळीच्या वर्गातून मिळतो: ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१. नऊ एकांपर्यंत हा जिना सुबक चढतो-उतरतो. दहाव्याला हातचा येतो आणि पायरी मोडते.

आता वर्ग सोडून मुळाकडे, म्हणजे एकांच्या ओळीकडेच पाहू. ती मूळ संख्या केव्हा असते? जामसांवली हे माझे गाव. तेथे सुट्टीत एका शाळकरी मुलीपुढे मी हा प्रश्न ठेवला. तिने सहा एकांचे तीन-तीनचे गट पाडले आणि १११ ने भाग जातो हे क्षणात दाखवले. म्हणजे एकांची संख्या विभाज्य असेल, तर ओळही विभाज्य. मग एकांची संख्या मूळ असली की काम झाले? नाही. १११ म्हणजे ३ गुणिले ३७, १११११ म्हणजे ४१ गुणिले २७१, आणि ११११११ पुढे आणखी एक एक मांडला तर २३९ गुणिले ४६४९. अकरा, तेरा, सतरा एकही फुटतात. दोन एकांनंतर थेट एकोणीस एकांची ओळ मूळ ठरते. मग तेवीस, मग ३१७, मग १०३१.

मूळ संख्यांचा शोध हे काही कापरेकरांचे मुख्य काम नव्हते. पण अंकांच्या साध्या मांडणीत खोल प्रश्न दडलेले असतात, ही त्यांची श्रद्धा या ओळीने खरी ठरवली. त्यांच्या हयातीत आपल्याकडील अनेक गणितज्ञांनी त्यांचे काम क्षुल्लक मानले. १९६६ साली पत्नी वारल्या. निवृत्तिवेतन पुरेना, म्हणून शिकवण्या कराव्या लागल्या. १९७५ साली अमेरिकेच्या मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिले, तेव्हा कोठे नाव दूरवर गेले. १९८६ साली ते निवर्तले. त्याच वर्षी १०३१ एकांच्या ओळीची मूळता सिद्ध करणारा विल्यम्स व डबनर यांचा निबंध प्रसिद्ध झाला. पुढे २०२२ साली ४९०८१ एकांची, तर २०२३ साली ८६४५३ एकांची ओळ मूळ असल्याचे संगणकाच्या साहाय्याने सिद्ध झाले. अशा ओळींना अंत आहे की नाही, हे मात्र अजून कोणी सिद्ध केलेले नाही.

या अंकाच्या कन्नड विभागात हीच ओळ वेगळ्या चिन्हांनी छापली जाईल. तिचा गुण बदलणार नाही. तेव्हा पदवीची वाट न पाहता वहीच्या मागच्या पानावर एकांची ओळ मांडा आणि भागून पाहा. देवळालीच्या मास्तरांनीही आयुष्यभर याहून अधिक साधने वापरली नाहीत.