विश्लेषण : उडत्या तबकड्यांचा पुरावा कसा तोलायचा? खगोलशास्त्रज्ञ ॲलन हायनेक यांच्या आयुष्यातून मिळणारे उत्तर

२ एप्रिल २०२२ च्या रात्री विदर्भाच्या आकाशातून पेटत्या गोळ्यांची एक रांग सावकाश सरकत गेली. काही मिनिटांत मोबाइलवर चित्रफिती फिरू लागल्या. कुणी उल्का म्हणाले, कुणी विमान, कुणी क्षेपणास्त्र, तर कुणी थेट उडती तबकडी. मग चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात, धातूचे मोठे कडे पडलेले सापडले. आजूबाजूच्या शिवारात धातूचे गोळेही मिळाले आणि चर्चेचा सूरच बदलला. कारण आता नुसती हकीगत उरली नव्हती. मोजता येईल, तपासता येईल अशी वस्तू समोर होती.

‘पाहिले’ आणि ‘सापडले’ यांतील हे अंतर मोजण्यात एका अमेरिकी खगोलशास्त्रज्ञाची जवळपास चार दशके गेली. त्यांचे नाव डॉ. जोसेफ ॲलन हायनेक.

हायनेक कोण होते?

हायनेक यांचा जन्म १ मे १९१० रोजी शिकागोत, मूळच्या चेक कुटुंबात झाला. त्या महिन्यात हॅलेचा धूमकेतू आकाशात होता. शिकागो विद्यापीठात शिकून त्यांनी १९३५ मध्ये यर्कीस वेधशाळेतून पीएचडी मिळवली आणि पुढच्या वर्षी ते ओहायो राज्य विद्यापीठात शिकवू लागले. ताऱ्यांच्या प्रकाशाचा वर्णपट हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. ताऱ्यापर्यंत हात पोहोचत नाही. तिथून आलेल्या उजेडावरूनच त्याचे तापमान, घटक आणि गती ओळखावी लागते. तुटपुंज्या पुराव्यातून जास्तीत जास्त, पण पुराव्याइतकेच बोलायचे, ही शिस्त त्यांना तिथे लागली.

हवाई दलाला त्यांची गरज का भासली?

२४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नोल्ड या खासगी वैमानिकाने अमेरिकेतील माउंट रेनियरजवळ नऊ चमकत्या वस्तू वेगाने जाताना पाहिल्याचे सांगितले. वृत्तपत्रांनी त्यांना ‘फ्लाइंग सॉसर’ हे नाव दिले आणि देशभरातून तक्रारींचा पाऊस पडला. शीतयुद्धाचे दिवस होते. हे सोव्हिएत रशियाचे नवे विमान तर नाही ना, ही हवाई दलाची खरी काळजी होती. ओहायोतल्याच डेटन येथील तळावर चौकशी सुरू झाली. कोणत्या तक्रारी शुक्र, उल्का किंवा ताऱ्यांच्या आहेत हे सांगायला जवळपासचा खगोलशास्त्रज्ञ हवा होता. १९४८ मध्ये ते काम हायनेक यांच्याकडे आले.

हा सगळा प्रकार म्हणजे युद्धानंतरची एक लाट आहे, ती ओसरेल, असे त्यांना तेव्हा वाटत होते. त्यांनी तक्रारी भराभर निकालात काढल्या. बहुतेक वेळा ते बरोबरही होते. क्षितिजाजवळचा तेजस्वी शुक्र झाडांच्या मागून पाहिला, की आपल्याबरोबर चालतो आहे असे भासते. हवामानाचे फुगे, विमानांचे दिवे, उल्का यांनी उरलेल्यांतील बऱ्याच तक्रारींचा उलगडा होई.

भारताशी त्यांच्या कामाचा काय संबंध?

१९५६ मध्ये स्मिथसोनियन खगोलभौतिकी वेधशाळेत फ्रेड व्हिपल यांच्यासोबत कृत्रिम उपग्रहांचा माग काढणारी यंत्रणा उभारण्याचे काम हायनेक यांनी घेतले. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी स्पुटनिक उडाले आणि या यंत्रणेचे महत्त्व एका रात्रीत वाढले. जगभर बेकर-नन कॅमेऱ्यांची १२ केंद्रे उभी राहिली. त्यांतले एक भारतात, नैनितालला होते. आकाशात फिरणाऱ्या वस्तूची जागा आणि वेळ नेमकी नोंदवली, की तिची कक्षा गणिताने काढता येते. पुढे ती कुठून जाईल हेही सांगता येते. लाडबोरीच्या कड्याची ओळख पटवताना अभ्यासकांनी याच प्रकारचे गणित वापरले.

सोकोरोची जमीन काय सांगत होती?

२४ एप्रिल १९६४ रोजी न्यू मेक्सिकोतील सोकोरो गावात लॉनी झामोरा हा पोलीस एका भरधाव मोटारीचा पाठलाग करत होता. मोठा आवाज आणि ज्वाळ दिसली म्हणून तो वळला. एका घळीत त्याला अंड्याच्या आकाराची वस्तू दिसली आणि ती गर्जना करत उडून गेली, अशी त्याची हकीगत होती. हायनेक स्वतः तिथे गेले. जमिनीत दाबल्याच्या खुणा होत्या, झुडपे होरपळली होती.

हायनेक यांनी इथे दोन प्रश्न वेगळे केले. साक्षीदार प्रामाणिक आहे का? त्यांच्या मते होता. पण जमिनीवरच्या खुणा काय सिद्ध करतात? इथे काहीतरी टेकले आणि काहीतरी जळले, एवढेच. ते काय होते आणि कुठून आले, हे त्या खुणा सांगत नव्हत्या. हवाई दलाच्या दप्तरी हे प्रकरण ‘उलगडा न झालेले’ म्हणून राहिले. उलगडा न होणे म्हणजे परग्रहावरून कुणी आल्याचे सिद्ध होणे नव्हे.

‘दलदलीतील वायू’ प्रकरणात काय घडले?

मार्च १९६६ मध्ये मिशिगन राज्यात डेक्स्टर आणि हिल्सडेल या ठिकाणी अनेकांना रात्री विचित्र उजेड दिसला. साक्षीदारांत शेतकरी होते, पोलीस होते, महाविद्यालयाच्या विद्यार्थिनीही होत्या. वातावरण तापलेले होते आणि हवाई दलाला झटपट उत्तर हवे होते. डेट्रॉइटमधील पत्रकार परिषदेत हायनेक यांनी एक शक्यता मांडली. पाणथळ जागी कुजणाऱ्या पालापाचोळ्यातून निघणारा वायू कधी कधी मंद पेटतो. आपल्याकडे रात्रीच्या अशा उजेडाला आग्या वेताळ म्हणत आले आहेत.

ही शक्यता सर्व घटनांना लागू होते असे त्यांनी म्हटले नव्हते. पण वृत्तपत्रांनी तेवढेच दोन शब्द उचलले. व्यंगचित्रे निघाली. आपल्याला अडाणी ठरवले, अशी साक्षीदारांची भावना झाली. मिशिगनचे तेव्हाचे लोकप्रतिनिधी आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जेराल्ड फोर्ड यांनी संसदीय चौकशीची मागणी केली आणि पुढच्याच महिन्यात तशी सुनावणी झाली.

हायनेक यांच्या आयुष्याला इथे वळण लागले. स्पष्टीकरण वैज्ञानिक वाटणारे असले, तरी पुरेसा पुरावा गोळा न करता दिले, तर तोही अंदाजच असतो, हे त्यांना जाहीर फजितीतून उमगले. शिवाय साक्षीदाराची टिंगल झाली, की पुढचा साक्षीदार तोंडच उघडत नाही आणि मग खरा पुरावाही हातचा जातो.

त्यांची तपासाची पद्धत कोणती?

१९६९ च्या डिसेंबरमध्ये हवाई दलाने ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’ बंद केला. एकूण १२,६१८ नोंदींपैकी ७०१ प्रकरणांचा उलगडा झाला नव्हता. १९७२ मध्ये हायनेक यांनी पुस्तक लिहून वर्गवारी मांडली : रात्रीचे दिवे, दिवसा दिसलेल्या तबकड्या, रडार आणि डोळा या दोघांनीही टिपलेल्या वस्तू आणि अगदी जवळून घडलेल्या भेटी. या भेटींचे तीन प्रकार. पहिल्यात वस्तू फक्त दिसते. दुसऱ्यात ती मागे खूण ठेवते. तिसऱ्यात सजीव दिसल्याचा दावा असतो. प्रत्येक घटनेला ते दोन निकष लावत : घटना किती विचित्र आहे आणि साक्ष किती भरवशाची आहे.

तिसऱ्या प्रकाराच्या नावावरून स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा १९७७ चा प्रसिद्ध चित्रपट निघाला. त्यात हायनेक क्षणभर पडद्यावरही दिसतात. त्यातला भारतातला प्रसंग आपल्या खालापूरजवळच्या हाळ गावात चित्रित झाला होता. प्रसिद्धी तिसऱ्या प्रकाराला मिळाली, पण शास्त्राच्या दृष्टीने मोलाचा दुसरा प्रकार. कारण माणसाची आठवण बदलते. जमिनीवरची खूण तपासता येते आणि दुसऱ्यालाही ती पुन्हा तपासता येते.

त्यांच्यावर टीका कोणती झाली?

१९७३ मध्ये त्यांनी अशा घटनांच्या अभ्यासासाठी स्वतंत्र केंद्र काढले. १९७८ मध्ये संयुक्त राष्ट्रांसमोरही विषय मांडला. टीकाकारांचे म्हणणे होते, की पूर्वी सगळेच झटकून टाकणारे हायनेक आता साक्षींवर जास्त विसंबू लागले. या टीकेत तथ्य होते. परग्रहावरचीच म्हणता येईल अशी एकही वस्तू त्यांच्या हाती कधी लागली नाही आणि तसा दावा त्यांनी केलाही नाही. २७ एप्रिल १९८६ रोजी ॲरिझोनात त्यांचे निधन झाले. हॅलेचा धूमकेतू त्या वर्षी गणितानुसार परत आला होता. तबकड्यांचे कोडे मात्र सुटले नव्हते.

वाशिम परिसरात याचा उपयोग काय?

खूण काय करू शकते याचे उत्तम उदाहरण वाशिमच्या शेजारीच, बुलढाणा जिल्ह्यातील लोणारला आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर ज्वालामुखीचे की उल्कापाताचे, यावर दीर्घकाळ वाद होता. घटना पाहिलेला एकही साक्षीदार नाही. पण विवरात छिद्रे पाडून काढलेल्या खडकांत प्रचंड आघातानेच तयार होणारी काच सापडली. १९७३ मध्ये हा पुरावा प्रसिद्ध झाला आणि उल्कापाताची बाजू पक्की झाली.

लाडबोरीतही तेच घडले. कक्षेच्या गणितावरून ते अवशेष चिनी रॉकेटच्या टप्प्याचे असल्याचे अभ्यासकांनी सांगितले; इस्रोच्या शास्त्रज्ञांनी येऊन तुकड्यांची पाहणी केली. आकाशात काहीतरी पाहिल्याचे सांगणारे गावकरी खोटे बोलत नव्हते. त्या उजेडाबद्दलचे अंदाज मात्र चुकले होते.

रात्री पिकाला पाणी द्यायला किंवा जागलीला शेतात जाणारा माणूस आकाशाचा सर्वात नियमित साक्षीदार असतो. त्याला काही दिसले, तर हायनेक यांच्या अनुभवातून एवढे घेता येईल :

- आधी घड्याळ पाहा. नेमकी वेळ, दिशा आणि किती सेकंद दिसले, हे लगेच लिहून ठेवा. वेळ असेल तर उपग्रहाशी पडताळता येते.
- चित्रफितीत विजेचा खांब, झाड किंवा घर येऊ द्या. नुसत्या काळ्या आकाशातल्या ठिपक्याची उंची किंवा गती काढता येत नाही.
- सोबत कुणी असेल, तर आपसांत चर्चा करण्याआधी दोघांनी वेगवेगळे टिपण करा.
- एका रांगेत, आवाज न करता सरकणारे दिवे बहुधा स्टारलिंक उपग्रहांचे असतात. तासभर जवळपास एकाच जागी दिसणारा तेजस्वी ठिपका शुक्र किंवा गुरू असू शकतो.
- काही पडलेले आढळले, तर हात लावू नका, घरी नेऊ नका. रॉकेटच्या टाक्यांत विषारी इंधनाचा अंश असू शकतो. जागा तशीच ठेवून पोलीस किंवा तहसील कार्यालयाला कळवा.

आणि गावात कुणी असे काही पाहिल्याचे सांगितले, तर हसू नका आणि लगेच मानही डोलावू नका. किती वाजता, कोणत्या दिशेला आणि तिथे काही उरले आहे का, एवढे तीन प्रश्न विचारा.