विश्लेषण : नियम मोठे की पंच? ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चे गॅरी गायगॅक्स आणि ५० वर्षे न मिटलेला वाद

‘स्ट्रेंजर थिंग्ज’ ही वेब मालिका पाहिलेल्यांना पहिल्या भागातला तो प्रसंग आठवत असेल. तळघरात चार मुले टेबलाभोवती बसली आहेत. समोर राक्षस उभा ठाकला आहे, पण तो फक्त त्यांच्या कल्पनेत. एक मुलगा फासा टाकतो, फासा टेबलावरून खाली जातो आणि सगळे तो शोधायला धावतात. ही मुले खेळत असतात तो खेळ म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’, थोडक्यात डी अँड डी. जानेवारी १९७४ मध्ये तो बाजारात आला. तो कसा खेळावा यावर तेव्हापासून आजपर्यंत वाद सुरू आहे. एका बाजूला जुन्या पठडीचे खेळाडू, दुसऱ्या बाजूला आधुनिक पद्धतीचे. दोघेही ज्या माणसाचे नाव घेतात ते गॅरी गायगॅक्स या वादात नेमके कुठे उभे होते?

हा खेळ नेमका कसा खेळतात?

चार-पाच जण एकत्र बसतात. त्यातला एक जण ‘डंजन मास्टर’ असतो. भुयार, जंगल, राक्षस, खजिना हे सारे जग तो रचतो आणि पंचाचे कामही करतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. कुणी योद्धा, कुणी मांत्रिक. आपले पात्र काय करते ते खेळाडू तोंडी सांगतो आणि परिणाम काय झाला ते पंच सांगतो. जिथे निकाल अनिश्चित असतो तिथे फासा टाकला जातो. बहुतेक वेळा तो वीस बाजूंचा असतो. यात सरळसरळ कुणी जिंकत नाही की हरत नाही. एकच मोहीम महिनोन्‌महिने चालू शकते.

गायगॅक्स कोण होते?

अर्नेस्ट गॅरी गायगॅक्स यांचा जन्म २७ जुलै १९३८ रोजी शिकागोत झाला. वडील स्वित्झर्लंडहून आलेले, शिकागो सिम्फनी ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवणारे. गॅरी आठ वर्षांचे असताना कुटुंब विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावात राहायला गेले. शाळेचे शिक्षण त्यांनी अर्धवट सोडले. पुढे शिकागोतल्या एका विमा कंपनीत ते अंडररायटर म्हणून काम करू लागले. कोणत्या घटनेची शक्यता किती, याचा हिशेब मांडणे हाच त्यांचा रोजचा व्यवसाय. पुढच्या आयुष्यात तो फाशांच्या तक्त्यांमध्ये उतरला.

मोकळा वेळ युद्धखेळांत जायचा. टेबलावर छोटे सैनिक मांडून इतिहासातल्या लढाया पुन्हा लढायच्या, असे हे खेळ. १९६८ मध्ये त्यांनी ५० डॉलर भाड्याने गावातला हॉर्टिकल्चरल हॉल घेऊन अशा खेळाडूंचा मेळावा भरवला. तो ‘जेन कॉन’ या नावाने आजही दरवर्षी भरतो. १९७० मध्ये त्यांची विमा कंपनीतली नोकरी गेली. घरात बायको आणि पाच मुले. गायगॅक्स तळघरात बसून चपला-बूट दुरुस्त करू लागले आणि उरलेल्या वेळात खेळांचे नियम लिहू लागले.

खेळाची कल्पना एकट्याची होती का?

नाही. १९७१ मध्ये गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचे ‘चेनमेल’ हे मध्ययुगीन लढायांचे नियमपुस्तक निघाले. त्याच्या शेवटी ड्रॅगन, मांत्रिक, वीरपुरुष यांच्यासाठी एक पुरवणी होती. शेजारच्या मिनेसोटा राज्यातले डेव्ह अर्नेसन यांनी ती आपल्या खेळात वापरून पाहिली. त्यांच्या ‘ब्लॅकमूर’ या खेळात प्रत्येक खेळाडू सैन्याऐवजी एकच पात्र चालवायचा. ते पात्र एका खेळातून दुसऱ्या खेळात जायचे, अनुभव मिळवून बलवान व्हायचे आणि किल्ल्याखालच्या भुयारात शिरायचे. १९७२ च्या अखेरीस अर्नेसन यांनी लेक जिनिव्हाला येऊन हा खेळ गायगॅक्स यांना दाखवला.

गायगॅक्स यांनी अर्नेसन यांच्याकडून टिपणे मागवली आणि टाइपरायटरसमोर बसले. ‘ग्रेहॉक’ हे स्वतःचे भुयार त्यांनी रचले. त्यातले पहिले खेळाडू त्यांचीच मुले, अर्नी आणि एलिस. लिहिलेले नियम छापण्यासाठी १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये बालमित्र डॉन केय यांच्यासोबत त्यांनी ‘टीएसआर’ ही कंपनी काढली. केय यांनी आपल्या आयुर्विमा पॉलिसीवर कर्ज काढले. तरी पैसे पुरेनात, तेव्हा ब्रायन ब्लूम यांना भागीदार करून घेतले. तीन छोट्या पुस्तिकांचा १० डॉलरचा खोका, १००० प्रती. वर्षभराच्या आत सगळ्या संपल्या.

‘जुनी पठडी’ म्हणजे काय?

त्या तीन पुस्तिकांत बऱ्याच गोष्टी लिहिलेल्याच नव्हत्या. दोरीवरून दरी कशी ओलांडायची, अशा बाबतीत पंचाने प्रसंग पाहून निर्णय द्यायचा. पुस्तिकेच्या शेवटीही वाचकाला हेच सुचवले होते की, कल्पना लढवा आणि हवे तसे ठरवा. म्हणून खेळाडूला प्रश्न विचारावे लागत. फरशी पोकळ वाजते का? भिंतीवर ओल आहे का? पुढची जमीन चाचपायला दहा फुटी काठी हे खेळातले नेहमीचे सामान होते. पात्राच्या अंगी कोणते कौशल्य आहे यापेक्षा खेळाडूचे डोके किती चालते, याला महत्त्व होते.

मरण स्वस्त होते. तीन फासे टाकून जे येतील ते गुण घेऊन पात्र जन्माला यायचे. नवख्या मांत्रिकाकडे एकच मंत्र. पात्राचे आरोग्यगुण शून्यावर आले की खेळ खल्लास, मग नवे पात्र करा. अनुभवाचे गुण मुख्यतः खजिना बाहेर आणल्याबद्दल मिळत, सोन्याच्या एका नाण्याला एक गुण. त्यामुळे राक्षसाशी लढण्यापेक्षा त्याला चकवून सोने पळवणे शहाणपणाचे ठरत असे.

या पद्धतीचे टोक म्हणजे गायगॅक्स यांचे ‘टूम ऑफ हॉरर्स’. मुलगा अर्नीसह आपल्या पट्टीच्या खेळाडूंना घाम फोडावा म्हणून त्यांनी हे थडगे रचले. १९७५ मध्ये ते स्पर्धेत वापरले गेले आणि १९७८ मध्ये छापून आले. त्यात भिंतीवर एक हिरवा राक्षसी चेहरा आहे. त्याच्या उघड्या तोंडात जो शिरेल तो कायमचा नाहीसा होतो, बचावासाठी फासा टाकायची संधीही नाही. काठी आत घालून पाहणारा मात्र वाचतो.

मग नियम वाढले कसे?

बदलाची सुरुवात गायगॅक्स यांच्याच हातून झाली. १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीत ‘चोर’ हे पात्र आले. सापळा निकामी करणे, कुलूप उघडणे, भिंत चढणे यासाठी त्याला टक्केवारी दिली होती. सोय झाली, पण एक अडचणही आली. आधी कोणताही खेळाडू विचार करून सापळा शोधू शकत होता. आता ते काम चोराचे आणि त्याच्या फाशाचे झाले. जुन्या पठडीचे अनेक खेळाडू आजही या पानाकडे बोट दाखवतात.

खेळ देशभर पसरला तसे प्रत्येक गावात तो वेगळा खेळला जाऊ लागला. स्पर्धा भरवायच्या तर सगळ्यांना एकच नियम हवेत. १९७७ ते १९७९ दरम्यान गायगॅक्स यांनी ‘ॲडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची तीन जाडजूड पुस्तके काढली. कोणते शस्त्र कोणत्या चिलखतावर किती चालते, इथपर्यंतचे तक्ते त्यांत होते. हवे तसे ठरवा म्हणणारा माणूस आता अधिकृत नियम पाळण्याचा आग्रह धरू लागला. पंचाचा शब्द अखेरचा, हे तत्त्व मात्र त्यांनी सोडले नाही.

यामागे व्यवहारही होता. ‘ॲडव्हान्स्ड’ हा वेगळा खेळ असल्याची कंपनीची भूमिका होती, त्यामुळे अर्नेसन यांना त्याचे मानधन मिळत नव्हते. १९७९ मध्ये अर्नेसन कोर्टात गेले, १९८१ मध्ये तडजोड झाली. मूळ खेळाचे सहनिर्माते म्हणून आज दोघांचीही नावे घेतली जातात, पण मैत्रीत पडलेली भेग राहिलीच.

स्वतःच्या कंपनीतून बाहेर का पडावे लागले?

डॉन केय यांचे जानेवारी १९७५ मध्ये हृदयविकाराने निधन झाले. त्यांच्या पत्नीकडचे समभाग विकत घेण्याइतके पैसे गायगॅक्स यांच्याकडे नव्हते. ब्लूम कुटुंबाने पैसे घातले आणि कंपनीतला मोठा वाटा त्यांच्याकडे गेला. गायगॅक्स यांना पुढे हॉलीवूडला पाठवण्यात आले. तिथे १९८३ मध्ये खेळावरची कार्टून मालिका सुरू झाली. परतले तेव्हा कंपनी कर्जात होती. त्यांनी काही काळ सूत्रे हाती घेतली, पण ब्लूम बंधूंनी आपले समभाग लॉरेन विल्यम्स यांना विकले. विल्यम्स यांना कंपनीत गायगॅक्स यांनीच आणले होते. ऑक्टोबर १९८५ मध्ये नियंत्रण गेले, कोर्टातही दाद मिळाली नाही. १९८६ च्या अखेरीस ते कंपनीतून बाहेर पडले. ज्या खेळाने नाव दिले, तो पुढे कसा बदलायचा हे ठरवण्याचा हक्क त्यांच्याकडे उरला नाही.

आधुनिक पद्धत काय सांगते?

वारे आधीच फिरू लागले होते. १९८४ मध्ये टीएसआरनेच ‘ड्रॅगनलान्स’ मालिका आणली. त्यात आधीच रचलेली मोठी कथा आणि ठरलेले नायक होते. नायक मध्येच किरकोळ कारणाने मेला तर कथा कशी पुढे जाणार? म्हणून त्याला वाचवण्याची तजवीज नियमांतच करावी लागली. खजिना शोधणाऱ्या अनोळखी भटक्यांची जागा कथानायकांनी घेतली.

१९९७ मध्ये टीएसआर ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ने विकत घेतली. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीने सगळे सुटसुटीत केले. वीस बाजूंचा फासा टाका, पात्राचा गुण मिळवा, ठरलेला आकडा गाठा. लढाई, उडी, थापेबाजी, सगळ्याला एकच सूत्र. आज पाचव्या आवृत्तीत पात्र बनवताना १५, १४, १३, १२, १०, ८ असे तयार आकडे वापरता येतात, म्हणजे फाशामुळे कुणाचे नशीब फुटत नाही. पात्र कोसळले तरी लगेच मरत नाही. तीनदा फासा उलटा पडेपर्यंत त्याला वाचण्याची आशा असते. यामागचा विचारही खोटा नाही. पंच लहरी असेल तर नियम खेळाडूचे रक्षण करतात, आणि महिनाभर जपलेले पात्र एका फटक्यात गेले तर नवखा माणूस पुन्हा टेबलावर येत नाही.

जुनी पठडी परत कशी आली?

यातही गंमत आहे. तिसऱ्या आवृत्तीसोबत कंपनीने एक खुला परवाना दिला. ओपन सोर्स सॉफ्टवेअरच्या धर्तीवर इतरांना मूळ नियमांवर आधारित साहित्य छापण्याची मुभा मिळाली. चाहत्यांनी नेमका त्याचाच आधार घेऊन जुने नियम नव्याने लिहिले. २००६ मध्ये ‘ओएसआरआयसी’ हे गायगॅक्स यांच्या ‘ॲडव्हान्स्ड’ पुस्तकांवर बेतलेले नियमपुस्तक आले. पाठोपाठ आणखी पुस्तके आली आणि ‘ओल्ड स्कूल रेनेसांस’ ही चळवळ उभी राहिली. नियमापेक्षा निर्णय महत्त्वाचा, हे तिचे मुख्य सूत्र.

गायगॅक्स तोवर पुन्हा सोप्या नियमांकडे वळले होते. १९९९ मधला त्यांचा ‘लेजंडरी ॲडव्हेंचर’ हा खेळ त्यांच्या आधीच्या जाडजूड पुस्तकांपेक्षा हलका होता. २००४ मध्ये पक्षाघाताचे झटके आल्यावरही घरी मंडळी जमवून त्यांचे खेळणे सुरूच होते. ४ मार्च २००८ रोजी लेक जिनिव्हातच त्यांचे निधन झाले. तीन महिन्यांनी चौथी आवृत्ती आली. तिच्यात प्रत्येक पात्राला ठरावीक शक्तींची यादी होती आणि लढाई चौकटींच्या पटावर चालायची. ती अनेकांना रुचली नाही. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने नियम कमी केले आणि पंचाच्या निर्णयाला पुन्हा जागा दिली.

मग बरोबर कोण?

गायगॅक्स यांचे आयुष्य पाहिले तर जुने आणि नवे अशी सरळ फाळणी टिकत नाही. १९७४ मध्ये घरातल्या मुलांसोबत खेळताना त्यांना मोकळीक हवी होती, कारण टेबलाभोवतीचे सगळे एकमेकांना ओळखत होते. १९७९ मध्ये हजारो अनोळखी लोकांना एकच खेळ खेळता यावा म्हणून त्यांना नियम हवे होते. उतारवयात पुन्हा घरच्या टेबलावर आल्यावर त्यांना एवढ्या नियमांची गरज उरली नाही.

म्हणून हा खेळ सुरू करणाऱ्यांनी कोणती आवृत्ती घ्यावी, यापेक्षा आपण कोणासोबत बसणार आहोत हे आधी पाहावे. पंचावर विश्वास असेल तर पातळ पुस्तक पुरते. मंडळी नवखी किंवा अनोळखी असतील तर जाड पुस्तक वाद मिटवते. आणि कोणत्याही आवृत्तीत समोर हिरवा राक्षसी चेहरा आ वासून दिसला, तर आधी काठी आत घालून पाहावी.